त्या रात्री आत्याबाई हव्या होत्या



घरात चांगली गोष्ट घडली की आपल्याला आधी कोण आठवते, याचा कधी विचार केला आहे का? विहिरीला पाणी लागते, चिखलाने माखलेले गडी वर येतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि तेवढ्यात कोणीतरी हळूच म्हणते, "आज म्हातारा पाहिजे हुता." ज्या म्हाताऱ्याने त्याच रानात दोनदा कोरडी विहीर खणली, त्यापायी कर्ज केले, बायकोचे डोरले मोडले, तो पाणी बघायला नसतो. पोराला नोकरी लागली, नात शिकून मोठी झाली, बांधाचा दावा तीस वर्षांनी आपल्या बाजूने लागला, कोणतीही गोष्ट घ्या. जितकी वाट जास्त पाहिली, तितकी पंगतीतली रिकामी पाने जास्त. दुःखात गेलेले माणूस आठवते याचे मला नवल वाटत नाही. पण पेढा तोंडात असताना घास अडकतो, त्याला काय म्हणावे?

तुम्ही म्हणाल, बाई आज हे काय घेऊन बसल्या? सांगायचे आहे ते क्रिकेटबद्दल. हसू नका. माझे आयुष्य गोठ्यात आणि द्राक्षबागेत गेले. चेंडू कसा वळतो हे मला अजूनही नीट कळत नाही. पण २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा गावोगावी कोणाकोणाच्या घरात गेलेली माणसे आठवली असतील. आमच्याही घरात आठवली.

हे फक्त आपल्याकडेच होते असे मला वाटत होते. पण माझा एक भाचा अमेरिकेत शिकागोजवळ नोकरीला आहे. त्याने फोनवर एक गोष्ट सांगितली. तिकडे बेसबॉल म्हणून खेळ आहे, आपल्या विटीदांडूचा आणि क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणा. शिकागोचा कब्ज नावाचा संघ १९०८ साली अजिंक्यपद जिंकला होता. त्यानंतर जिंकला तो थेट २०१६ साली. मधे १०८ वर्षे गेली! चार पिढ्या 'यंदा नाही तर पुढच्या वर्षी' म्हणत आल्या आणि मातीआड गेल्या. जिंकल्यावर लोकांनी काय करावे? त्या संघाचे जुने मैदान आहे, रिगली फील्ड. त्याच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने नावे लिहू लागले. खेळाडूंची नव्हेत, आपापल्या आजोबांची, आईची, गेलेल्या भावाची. हात पोचेल तिथवर भिंत भरून गेली. एका मुलाने तर आपल्या बापाशी करार केला होता की संघ शेवटच्या सामन्यात पोचला तर दोघांनी मिळून ऐकायचा. बाप आधीच गेला. हा पोरगा शेकडो मैल गाडी हाकत बापाच्या थडग्यापाशी गेला, खुर्ची टाकून बसला आणि रेडिओवर सगळा सामना तिथेच ऐकला. बोस्टन गावचा संघ ८६ वर्षांनी २००४ साली जिंकला, तेव्हाही लोक कबरस्तानात जाऊन टोप्या आणि झेंडे ठेवून आले होते.

आता योगायोग बघा. शिकागोच्या घड्याळात ते लोक जिंकले तो दिवससुद्धा २ नोव्हेंबरच होता. आपल्या वसईकडचे आणि गोव्यातले ख्रिस्ती लोक ह्याच तारखेला कबरीवर मेणबत्त्या लावायला जातात, तो त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आणि २०२५ साली तर आपल्याकडे त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. मी ह्यातून काही शकुन-अपशकुन काढत नाही. पण असे जुळून आले खरे.

आता आपल्या मुलींकडे येते. आज त्यांचे फोटो वह्यांवर आहेत, पण ह्या झाडाला पाणी कोणी घातले ते ठाऊक असावे. १९७३ साली महिला क्रिकेटची संघटना निघाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली. संघ होते तीन. १९७६ साली मुली पहिला कसोटी सामना खेळल्या आणि १९७८ साली विश्वचषकात उतरल्या, तोही भारतातच झाला होता. त्या वेळच्या मुली बिनआरक्षणाच्या डब्यातून, बिछान्याची वळकटी बगलेत धरून प्रवास करायच्या. पुढे २००५ साली आपला संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाने ९८ धावांनी हरवले. कर्णधार होत्या मिताली राज. त्यांनी नंतर सांगितले की त्या वेळी एका सामन्याचे हजार रुपये मिळाले होते. विश्वचषकाचे! आणि आता जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने ५१ कोटींचे बक्षीस जाहीर केले. मिळू दे, पोरींना भरपूर मिळू दे, माझी काही तक्रार नाही. पण हजार रुपयेवाल्या पोरी मधे खपल्या नसत्या तर कोटीवाल्या कुठून आल्या असत्या?

आमच्या गावाला ह्यातले काहीच माहीत नव्हते. आमचे गाव तासगाव तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. द्राक्षे, थोडा ऊस, दोन म्हशी. आमच्या घरात बायकांचे क्रिकेट आणले ते माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही आत्याबाईच म्हणेन. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, वर्षातून दोनदा पंढरी. बोलणे तोडून टाकणारे. लाड कोणाचा म्हणून केला नाही, नातवाचासुद्धा. आणि ह्या बाईला वयाच्या ऐंशीव्या वर्षी क्रिकेटचे वेड लागले!

त्याचे कारण स्मृती मानधना. २०१७ साली इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता. थोरला मुलगा टीव्ही बघताना म्हणाला, "ही पोरगी आपल्या सांगलीची, माधवनगरची." झाले. आत्याबाई भिंतीचा टेकू सोडून पुढे सरकल्या. माधवनगर म्हणजे त्यांच्या माहेरच्या वाटेवरचे गाव. त्यांच्या लेखी ती पोरगी तेव्हापासून माहेरची झाली. मग त्या रोज विचारायच्या, "सांगलीची हाय का आज?"

त्या वर्षीचा अंतिम सामना मला नीट आठवतो. २३ जुलै, रविवार, दिव्यांची अवस. दुपारी दिवे घासून, पुरणाचे दिवे करून आम्ही मोकळ्या झालो होतो. समोर इंग्लंड, लॉर्ड्सचे मैदान. आपल्याला २२९ हव्या होत्या. सांगलीची पोर शून्यावर बाद झाली, तेव्हा आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मिताली राज धावचीत झाली. त्या धावचीतवर आत्याबाई एक वाक्य बोलल्या. ते मी पुढे सांगणार आहे, कारण ते समजायला आधी दुसरी हकिगत सांगावी लागेल.

पुढे मात्र पूनम राऊत आणि हरमनप्रीत कौर यांनी डाव सावरला. तीन गडी बाद १९१ झाल्या. आता फक्त ३८ पाहिजेत, हे नातवाने सांगितल्यावर आत्याबाई उठल्या, डब्यातून मोजून ३८ शेंगदाणे आणले आणि सुपात मांडले. एक धाव झाली की एक दाणा उचलायचा. पाच वर्षांची पणती मांडीवर, ती उचलायची आणि तोंडात टाकायची. पण पुढचे तुम्हाला ठाऊक असेल. २८ धावांत सात गडी गेले. सगळ्या २१९ वर बाद. हरल्या नऊ धावांनी, पण जिंकायला दहा लागत होत्या, म्हणून सुपात दहा दाणे उरले. आम्हाला वाटले, म्हातारी आता रडते. तिने सूप उचलून फळीवर ठेवले, "झोपा, सकाळी दूध घालायचं हाय," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ते दहा दाणे कोंबड्यांना टाकले.

आता ती दुसरी हकिगत.

माझे लग्न १९८२ साली झाले. तेव्हा माझ्या धाकट्या वन्सं चौदा वर्षांच्या होत्या. पळण्यात त्यांच्यासारखी पोर पंचक्रोशीत नव्हती. खो-खो खेळायच्या. बसलेल्या आठ जणींच्या मधून अशा वळायच्या की मागची पोर फक्त वारा धरायची. १९८३ साली त्यांना जिल्ह्याच्या संघात घेतले. दोन रात्री बाहेरगावी मुक्काम होता. शाळेचे ड्रिलमास्तर घरी आले, ओट्यावर बसले, चहा प्याले, आणि आत्याबाईंनी दारामागूनच सांगितले की पोरगी येणार नाही. वयात आलेली लेक, तोकडी चड्डी, परगावचा मुक्काम. त्या काळी दहांतल्या नऊ घरांनी हेच उत्तर दिले असते. मास्तर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवायच्या चुलीत आत्याबाईंनी ती खेळायची चड्डी घातली. मी घरात नवी सून, दारात बादली घेऊन उभी होते. वन्सं चुलीसमोर बसल्या होत्या. रडल्या नाहीत. जळेपर्यंत बघत बसल्या आणि मग केस धुवायला गेल्या.

सोळाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, मिरजेच्या बाजूला दिले. घर चांगले, माणसे चांगली, संसार झाला, नातवंडे झाली. पण त्या दिवसानंतर त्या चड्डीबद्दल आई आणि लेक एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. येणे-जाणे होते, दिवाळी, पंचमी, बाळंतपणे, सगळे झाले. बोलत होत्या, पण पाण्यात दगड असावा आणि दोघींनी त्याला वळसा घालून पोहावे, तसे बोलत होत्या. बायकांना हे कळेल. अशी एखादी गोष्ट प्रत्येक घरात असते.

तर २०१७ साली मिताली राज धावचीत झाली तेव्हा आत्याबाई टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "आमची धाकटी आसती तर पोचली आसती."

खोलीत मी होते, आमचे हे होते, पोरे होती. कोणी काही बोलले नाही. पोरांना तर ते कशाबद्दल आहे हेही कळले नाही.

त्यानंतर २०२० साली मार्चच्या ८ तारखेला, महिला दिनालाच, मेलबर्नला वीस षटकांचा अंतिम सामना झाला. तोही हरलो, ८५ धावांनी. शेफाली वर्मा नावाची सोळा वर्षांची पोर रडताना दाखवली. ही रोहतकची. लहानपणी मुलांच्यात खेळता यावे म्हणून हिने केस कापून पोराचे रूप घेतले होते. आत्याबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "बारकी हाय गं अजून, व्हईल तिचं." हा त्यांनी पाहिलेला शेवटचा सामना. पंधरा दिवसांत सगळीकडे टाळेबंदी लागली.

२०२१ च्या मे महिन्यात त्या गेल्या. कोरोनाने नव्हे, वयाने. पण दिवस कोरोनाचे होते. वन्संच्या घरात तेव्हा चौघे आजारी होते, जिल्ह्यात कडक बंदी होती. लेकीला आईचे तोंड मोबाईलवर दाखवावे लागले. दहाव्याला नदीवर मोजकी पाच-सहा माणसे. पिंडाला कावळा शिवेना. आमचे हे म्हणाले, "म्हशी विकणार नाही." कावळा लांबच. "बाग मोडणार नाही." नाहीच. मग ते थोडे थांबून म्हणाले, "धाकटीचं माहेर तुटू देणार नाही." आणि कावळा खाली आला. कावळ्याला तोवर भूकही लागली असेल, मी त्यावर काही म्हणत नाही. पण आमचे हे त्या दिवसापासून दर पंचमीला न चुकता बहिणीला आणायला जातात.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला आणि कर्णधारही महाराष्ट्राची, प्रियंका इंगळे. मला वाटले, वन्संचा फोन येईल. आला नाही. मी केला तर म्हणाल्या, "बगितलं की," आणि म्हशीच्या वेताचा विषय काढला.

मग नोव्हेंबर आला. त्या वर्षाचे तुम्हाला मी काय सांगू? सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माती वाहून गेली, माणसांची उभी पिके गेली. आमच्याकडे तेवढे झाले नाही, पण पाऊस हटेना, छाटण्या लांबल्या, आणि छाटलेल्या बागेत दावण्या शिरला. त्या रविवारी मुलगा आणि आमचे हे दिवसभर ट्रॅक्टर आणि औषधाच्या मागे होते. मला एकादशी. नवी मुंबईतही पाऊस होता, म्हणून तीनचा सामना पाच वाजता सुरू झाला. पणती आता तेरा वर्षांची आहे. आत्याबाईंची पणती म्हणजे माझी नात. ती शाळेच्या संघात खेळते आणि तिला कोणी अडवत नाही.

ह्या मुलींचे साखळीत तीन सामने ओळीने हरून झाले होते. लोकांनी नावे ठेवायला सुरुवात केली होती. पण उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडल्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या. त्यानंतर घरातल्या पुरुषांनीही ट्रॅक्टर लवकर उभा करायचे ठरवले. आणि अंतिम सामन्यात सलामीला आली कोण? तीच शेफाली. ती आधी संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आयत्या वेळी बोलावलेली. तिने ८७ धावा काढल्या आणि वर दोन गडीही घेतले. मी नातीला म्हणाले, "पणजी म्हणाली हुती, व्हईल तिचं." स्मृतीने ४५ केल्या, दीप्ती शर्माने ५८. एकूण २९८.

जेवणे झाली, म्हणजे त्यांची. माझे रताळे आणि वरई. नातीने ताटलीत दहा शेंगदाणे मांडले. मी विचारले, "हे काय?" म्हणाली, "पणजी करायची तसं. पण आज गडी मोजायचेत." पाच वर्षांच्या पोरीला ते आठवत असेल असे मला वाटले नव्हते.

मधे रेणुका ठाकूर चेंडू टाकत होती तेव्हा नातीने एक गोष्ट सांगितली. ती तिने शाळेत वाचली होती. ही मुलगी हिमाचलातल्या रोहडूकडच्या एका खेड्यातली. वडील क्रिकेटचे एवढे वेडे की मुलाचे नाव त्यांनी आपल्या विनोद कांबळीवरून विनोद ठेवले. मुलगी तीन वर्षांची असताना ते गेले. आईने पाणीपुरवठ्याच्या खात्यात साधी नोकरी करून दोन्ही पोरे वाढवली. आणि ह्या मुलीने आपल्या हातावर वडिलांचे चित्र गोंदवून घेतले आहे. म्हणजे बघा, शिकागोच्या लोकांनी भिंतीवर लिहिले, हिने हातावर लिहिले. ज्या हाताला बापाने चालायला शिकवले असेल, तो हात घेऊन ती विश्वचषकाच्या मैदानात उभी होती. मी पुढची दोन षटके नीट पाहिली नाहीत.

आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट मात्र हटेना. तिने १०१ धावा केल्या. तिचा उंच उडालेला झेल अमनजोत कौरच्या हातातून उडाला, पुन्हा उडाला आणि तिसऱ्या वेळी तिने पकडला. आमच्याकडे त्या तीन उड्यांत आमच्या ह्यांच्या हातातला तांब्या सांडला. मग ताटलीतले दाणे भराभर कमी झाले. दीप्तीने पाच गडी घेतले. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतला. मध्यरात्र झाली होती. नातीने शेवटचा दाणा तोंडात टाकला आणि ओरडत अंगणात पळाली. कुत्री भुंकू लागली. शेजारच्या आळीत कोणीतरी दिवाळीचा उरलेला बाण सोडला.

मी मात्र टीव्हीपुढेच बसले होते, म्हणून मला पुढचे दिसले. ह्या मुलींनी चषक नेऊन मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. २००५ ला हरलेल्या, २०१७ ला हरलेल्या बायका. तोवर त्या मैदानात पाहुण्या म्हणून होत्या, खेळणे संपलेले. तो चषक हातात घेऊन त्या ज्या रडल्या, ते मला सगळ्या सामन्यापेक्षा मोठे वाटले. ज्या जिवंत होत्या त्यांच्या हातात चषक देता आला. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते जमत नाही. आपल्याला फोटोपुढे ठेवावे लागते.

एवढ्यात फोन वाजला. रात्रीचे सव्वाबारा. अशा वेळी फोन वाजला की आपल्या पोटात गोळा येतो. वन्सं होत्या.

"वैनी, जाग्या हाय?"

"हाय की. बगितलं का?"

"बगितलं." मग बराच वेळ काही नाही. मागे त्यांच्याकडचे फटाके ऐकू येत होते. मग म्हणाल्या, "आई आसती तर काय म्हणाली आसती वो?"

मी म्हणाले, "काय म्हणणार? झोपा, सकाळी दूध घालायचं हाय."

त्या हसल्या. मीही हसले. हसता हसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "वैनी, माझी चड्डी बी निळीच हुती."

बेचाळीस वर्षांनी त्या चड्डीचे नाव त्यांच्या तोंडून ऐकले. मी "व्हय" एवढेच म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. आत्याबाई गेल्यापासून ही पाचवी कार्तिकी. द्वादशीला त्यांच्या नावाचे एक पान आम्ही वाढतोच. सकाळी नऊच्या एसटीने, अर्ध्या तिकिटात, वन्सं अचानक दारात. न सांगता आलेली माहेरवाशीण किती दिवसांनी पाहिली! पारणे सोडायला त्यांना आत्याबाईंच्या पानाशेजारी बसवले. खीर, घेवड्याची भाजी, आमटी. आमचे हे जेवताना कधी बोलत नाहीत. त्यांचे बोलणे सबंध दिवसात वीस वाक्यांच्या वर जात नाही. पण भाताशी आल्यावर मान वर न करता म्हणाले, "त्या साली, ती मिताली धावचीत झाली न्हवं, तवा आई बोलली हुती."

"काय?"

"आमची धाकटी आसती तर पोचली आसती म्हणाली."

वन्संचा हात ताटात राहिला. माझ्याकडे त्यांनी बघितले. मी मान हलवली. बराच वेळ त्या भाताकडे बघत होत्या. मग हळू म्हणाल्या, "मग ते बुटाचं पैसं..."

ते मला ठाऊक होते. २०२० साली, टाळेबंदीच्या आधी वन्सं भेटून गेल्या, तेव्हा आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून पाचशेच्या दोन नोटा काढून त्यांच्या हातात कोंबल्या होत्या. दुधाचे पैसे. "नातीला बूट घे. पळायचं घे, चांगलं घे, बाजारातलं फाटकं नगं," एवढेच म्हणाल्या होत्या. आम्हाला सगळ्यांना वाटले, म्हातारपणी एकदाचा पणतीचा लाड सुचला.

वन्संनी बूट घेतले होते. ती पोर आता कॉलेजात आहे, बूट केव्हाच फाटले. "टाकलं न्हाईत मी," वन्सं म्हणाल्या. "माळ्यावर हायत."

मग त्यांनी पान आवरले, हात धुतले, पदर खोचला. बाहेर ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला होता, पुन्हा ढग येत होते. "औषध कोण कालवतंय?" म्हणत त्या माझ्या आधी बागेकडे निघाल्या. आजही त्यांच्याबरोबर चालायचे म्हणजे मला पळावेच लागते.